धरायला माणूस

प्रिय धाकटे,

अक्षर बघून घाबरू नकोस, डाव्या हाताने लिहितेय. उजव्याची पट्टी गेल्या आठवड्यात निघाली, पण दोन बोटं अर्धीच उरलीत आणि पेन धरलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते. सुई तर लांबच राहिली. इतकी वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःचं बटण लावून घ्यायला शेजारणीकडे जाते. तू भेटायला आलीस तेव्हा विचारलंस, वहिनी, चालू करवतीत हात घातलातच कसा? मी विषय बदलला, कारण आमचे हे दारातच उभे होते आणि माझ्यात भांडायचं त्राण नव्हतं.

मी हात घातला नव्हता गं. मागच्या खोलीचा यांनी सुतारकामाचा कारखाना करून ठेवलाय, तो तू पाहिलायस. उशीच्या अभ्र्यात भुसा, दुधाच्या सायीवर भुसा. त्या विजेच्या करवतीच्या पात्यावर एक झाकण असतं; करवत खाली आणली की ते आपोआप सरकतं, वर नेली की पातं पुन्हा झाकतं. यांना म्हणे त्याच्यामुळे पेन्सिलची रेघ दिसत नाही. म्हणून ते वर करून बांधून टाकलं होतं, आणि कशाने, तर माझ्या केसांच्या रबराने. मी मेली ते घरभर शोधत होते. लाकूड पकडायचे क्लॅम्प खोक्यातून कधी बाहेरच निघाले नाहीत. ते लावायला वेळ जातो, मला हाक मारायला जात नाही. ‘जरा धर गं’ झालं की मी ओले हात पुसत हजर.

त्या दिवशी आरशाच्या फ्रेमची पट्टी होती. यांच्या एका हातात करवत, दुसऱ्यात पट्टीची लांब बाजू; पात्याजवळचा आखूड तुकडा माझ्या हातात. दोन्हीकडून धरल्यामुळे पातं मध्येच चिमटलं आणि तुकडा माझ्या हातासकट आत ओढला गेला. दुखलं ते नंतर. आधी कानावर आलं ते यांचं, ‘अगं, हलवलंस ना!’ दवाखान्यात डॉक्टरांनाही तेच सांगितलं, की हिने मध्येच हात घातला. मी तिथेच पडून ऐकत होते.

रक्ताची मला किळस आली नाही, धाकटे. किळस आली ती घरी परतल्यावर. हॉलमध्ये आरसा टांगलेला, फ्रेमला तीच पट्टी, डागावर गडद पॉलिश फासलेलं. चांगलं लाकूड वाया कशाला घालवायचं, म्हणाले. पाहुणे आले की कोपऱ्याचा सांधा दाखवतात, केसाएवढीसुद्धा फट नाही बघा, आणि पाहुणे वा वा करतात. मला शिसारी येते. त्या आरशात मी बघत नाही, भांग अंदाजानेच पाडते. चहाच्या कपाभोवती यांची धडधाकट बोटं दिसली की मी माझा कप उचलून ओट्यापाशी जाते. नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात, पण मग कुणाबद्दल लिहू?

आता आज का लिहायला बसले ते सांगते. रविवारी हे ती करवत भाऊजींना भेट म्हणून तुमच्याकडे आणणार आहेत. मला ती बघून त्रास होतो म्हणून घरात नको, म्हणे. केवढी ती काळजी! काल बसून पुसली, रबर काढून फेकलं, झाकण जागेवर आणलं. अगदी नवी कोरी दिसते. क्लॅम्पचं खोकं न्यायचं यांच्या डोक्यातही आलं नाही, ते मी या पत्रासोबत पाठवतेय. भाऊजींना सांग, झाकण कधी बांधायचं नाही, आणि पातं पुरतं थांबेपर्यंत करवत वर उचलायची नाही. ऐकलं तर त्यांचं भलं. पण तू मात्र माझं ऐक, करवत ठेवाल त्या खोलीत पाऊल टाकू नकोस. परवा भाऊजींनी फोनवर विचारलं, लांब फळ्या टेकवायला स्टँड घेऊ का. फोन स्पीकरवर होता, मी शेजारच्या खोलीत होते. हे हसत म्हणाले, ‘स्टँड कशाला? धरायला धाकटी आहे की.’

तुझीच,
मोठी