साडूचं पोट

३ मार्च, सोमवार
मुलगी पाच आठवड्यांची झाली. रोज संध्याकाळी भोंगा. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तब्येत उत्तम आहे, काही बाळं रडतातच, तीन-चार महिन्यांत आपोआप थांबेल. अगदीच असह्य झालं तर तिला पाळण्यात ठेवून दोन मिनिटं बाहेर जा.
बाहेर जाऊ? मी? कंपनीत चिडलेल्या ग्राहकांना शांत कसं करावं, याचं ट्रेनिंग मी देतो. प्रकरण आठवड्यात निकाली काढतो.

४ मार्च
पद्धत वापरली. आधी ऐकून घ्यायचं, मग सहानुभूती. 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' ती जास्तच पेटली. बायको म्हणाली, पोटच्या पोरीला आपण-आपण काय करतोस?

६ मार्च
साडू आला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. घर त्याचं आधी झालं, गाडी त्याची मोठी. सासूबाई त्याच्याकडे सल्ला मागतात, माझ्याकडे चार्जर. माझ्या बाजूनं एकच मुद्दा: त्याचं पोट सुटलंय, माझं नाही.
सोफ्यावर बसला, मुलीला त्या पोटावर घेतलं आणि पेपर वाचायला लागला. थोड्या वेळात ती गप्प! तिच्याकडे धड बघतही नव्हता. बायकोच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

९ मार्च, रविवार
कावळा रोज बसतोय. सहापासून दीड तास मी तिला घेऊन येरझाऱ्या घालतो. साडेसातला हा ऑफिसातून येतो, बसतो, ती गप्प. 'काकांकडे कशी गुणी राहते!' इति बायको. मेहनत माझी, नाव त्याचं. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, साडू सोकावतोय.

१२ मार्च
निश्चय: पोट वाढवणे. जिम बंद.

१५ मार्च
पोटाला वेळ लागतो. तूर्त शर्टाच्या आत उशी बांधली. मुलगी आश्चर्यानं क्षणभर गप्प, मग दुप्पट. तेवढ्यात कुरिअरवाला. त्यानं मला पाहिलं, पोट पाहिलं, मुलीला पाहिलं आणि सही न घेताच गेला.

१९ मार्च
पोट नव्हे, वास! साडूच्या अंगावर चहा सांडला (चुकून). त्याला माझा शर्ट दिला. बटणं लागेनात, याचं समाधान वाटलं. त्याचा 'धुवायला' ठेवून घेतला.

२० मार्च
तोच शर्ट घालून मुलीला घेतलं. उपयोग शून्य. 'भावोजींचा शर्ट तू का घातलायस?' असं बायकोनं विचारलं. म्हटलं, इस्त्री तपासतोय.

२३ मार्च, रविवार
डाव उलटवला. साडूला सहालाच बोलावलं, आधीची पाळी त्याची. ती त्या पोटावर मनसोक्त रडली! बऱ्याच दिवसांनी चहा गोड लागला. साडेसातला मी घेतली. गप्प! माझ्या सपाट पोटावर! छोटंसं भाषण केलं. साडू म्हणाला, वा, तुझ्या हाताला गुण आहे रे. कौतुकानं म्हणाला की टोमण्यानं, ते कळलं नाही.

२४ मार्च
ऑफिसात ट्रेनिंगमध्ये या विषयावर नवी स्लाईड घातली. बायको म्हणते, साडेसातच्या सुमाराला ती कुणाकडेही गप्प होते, परवा तर पाळण्यात एकटीच झाली. वाद घातला नाही. ग्राहकाशी वाद घालायचा नसतो.

३० मार्च, रविवार
दोघी बहिणींना सिनेमाला पाठवलं. म्हटलं, एकटा सांभाळतो, निवांत या.
सहाला सुरू झाली. साडेसात झाले. आठ झाले. सगळ्या पद्धती संपल्या. मग मी ओरडलो. तिच्यावर. 'गप्प बस!' ती दचकली, हातपाय ताठ झाले. मला माझी भीती वाटली.
तिला पाळण्यात उताणी ठेवली, दार ओढलं, गॅलरीत गेलो. साडूला फोन लावला. एवढंच म्हटलं, या. तो म्हणाला, आलोच.
आला. पोटावर घेतली. ती त्याच्याकडेही रडतच राहिली. खोटं कशाला लिहू, जरा बरं वाटलं. विचारलं, तुम्हाला हे सहन कसं होतं हो?
म्हणाला, 'अरे, मला डाव्या कानानं फार कमी ऐकू येतं. तो तिच्याकडे करतो आणि बसून राहतो. एवढंच.'
गेले कित्येक दिवस मी चुकीच्या अवयवावर जळत होतो.

३१ मार्च
तोड निघाली. कापूस. त्याचा एकच कान, माझे दोन्ही!

८ एप्रिल
कमाल आहे. ती रडते, मी झुलवतो, डोकं शांत. ओरडावंसं वाटत नाही. बायको म्हणाली, हल्ली बरा घेतोस तिला. हे साडूसमोर म्हणाली. पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकू आलं नव्हतं.

२५ एप्रिल
रडणं उतरतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, आपोआप. म्हणू देत.

४ मे, रविवार
साडू आणि मेहुणी आले होते. सहा वाजले. मी कापूस घालून तयार. मुलगी मांडीवर, साडू समोर. त्याच्या नाकावर टिच्चून तिला गप्प करणार होतो.
तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग तोंड मोठ्ठं उघडलं. म्हटलं, झालं सुरू. कापूस आणखी आत ढकलला आणि जोरजोरात झुलवायला लागलो.
वर पाहिलं तर बायको तोंडावर हात ठेवून उभी. मेहुणी स्वयंपाकघरातून धावत आलेली. मी कापूस काढला तोवर मुलगी आपली मूठ चोखत होती.
रडत नव्हती. हसली होती. खळखळून, आवाज काढून, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्याकडे बघून.
बायकोनं ऐकलं. मेहुणीनं आतून ऐकलं. साडूनंसुद्धा ऐकलं, त्याच्या एका कानानं.