सहलीचा बेत आणि एक हिरवं फाटक

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ठरलं! लेकीने जेवता जेवता सांगून टाकलं — जानेवारीत सगळ्यांनी आखातात जायचं. मी दुसऱ्याचं मूल सांभाळायला जिथे राहिले होते, त्याच शहरात. म्हणाली, "इतकी वर्षं राहिलीस, पण पाहिलंस काय?" खरंच, काय पाहिलं? स्वयंपाकघर, इस्त्रीची खोली, औषधाचं दुकान, शाळेचा दरवाजा. शहर उंच होत गेलं ते मी गच्चीवर चादरी वाळत घालताना बघितलं.

जावईबापूंना चेव आला. "सासूबाई आमच्या गाइड. फी काय घेणार?"

"दोन वेळचा चहा. तोही तुम्ही करायचा."

सगळ्यांबरोबर मीही हसले.  पण मला तिथे एकच काय ते बघायचंय, आणि लेकीसमोर ते तोंडातून काढायची सोय नाही.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

दिवसभर नुसते बेत. ढगात डोकं घातलेली ती इमारत, रात्री नाचणारी कारंजी, वाळूच्या टेकड्यांवरून उड्या मारत जाणारी गाडी. नातीला बर्फ हवा. वाळवंटात म्हणे एका बंद इमारतीत बर्फ पाडतात — तिकीट काढून कुडकुडायचं! म्हटलं, त्यापेक्षा आपला फ्रीज उघडून बसू. "आजी, तू सगळ्या मजेची वाट लावतेस." जावई मला उंटावर बसवायला निघालेत. "आधी उंटाला विचारून घ्या," म्हटलं.

लेक फोनवर नकाशा मोठा करून बघत होती. मी पाठीशी उभी. समुद्राच्या कडेचा रस्ता ओळखला. तिथून आत वळलं की खजुरांची रांग, आणि रांग संपते तिथे हिरवं फाटक. बोट उचललं होतं दाखवायला. मग त्याच बोटाने चष्मा सारखा केला.

रविवार, ९ नोव्हेंबर

जीभ घसरली. लेकीचं डोकं दुखत होतं, मी चेपून देत होते. हात आपसूक चालतात, मन भलतीकडे असतं. म्हणून गेले — "मान सरळ ठेव गं भोपळी."

भोपळी म्हणजे तिथली पोर. आईबाप भले, पण दोघंही सदा कामावर. मी गेले तेव्हा ती लंगोटात होती, निघाले तेव्हा माझ्या खांद्याच्या वर गेली होती. रात्री माझं बोट धरल्याशिवाय डोळा मिटायची नाही. शुक्रवारी मी घरी फोन लावायची. आवाज मोठा ठेवून भाजी निवडत बोलायची, आणि ही मांडीत. इकडून लेक "आई, आई" करायची. पोर तेच शिकली. एका शुक्रवारी माझी हनुवटी ओढून मोठ्याने म्हणाली — आई.

इकडे लेकीने ऐकलं. लेक तेव्हा माझ्या बहिणीकडे वाढत होती. तिने फोन मावशीच्या हातात दिला. पुढे कितीतरी शुक्रवार मला एकच ऐकू यायचं — "खेळायला गेलीय."

आज लेकीने डोळे उघडले, "पुरे आता" म्हणाली, आणि उठून गेली.

सोमवार, १० नोव्हेंबर

घरात भांड्यांचाच काय तो आवाज.

शनिवार, १५ नोव्हेंबर

जावई हळूच येऊन बसले. आज थट्टा नव्हती. "आई, त्या मुलीचं पूर्ण नाव सांगा. ही बाजारातून येईतो शोधून देतो."

नाव अगदी ओठांवर आलं. केवढी झाली असेल? दातांमधली फट बुजली असेल? अजून एक पाय पांघरुणाबाहेर काढून झोपत असेल का? मला भेटायचंही नाही. रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. ती फाटकातून बाहेर येईल, गाडीत बसेल, जाईल. तेवढं पुरे आहे.

पण नको म्हटलं. लेकीच्या पाठीमागे काही नको.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सांगून टाकलं, मी येत नाही, तुम्ही जाऊन या. गुडघ्यांवर ढकललं सगळं. लेक कांदा चिरत ऐकत होती. सुरी खाली ठेवली.

"त्या गुडघ्यांचं नाव भोपळी आहे का?"

मी कांद्याची सालं गोळा करू लागले.

"मी बर्फ बघायला चाललेय असं वाटतं तुला? मला ते घर बघायचंय. लहानपणी वाटायचं, तू राजवाड्यात राहतेस, म्हणून तुला परत यावंसं वाटत नाही."

"मागची खोली होती गं. खिडकीसुद्धा नव्हती."

"मग ती बघू दे. आणि तिलाही एकदा बघू दे मला." नाक पुसलं, कांद्यावर ढकललं. फोन हातात घेतला. "सांग नाव."

सांगितलं. या घरात ते नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

निरोप गेलाय. तिने वाचल्याची खूण आली म्हणे. उत्तर नाही. जीव टांगणीला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

उत्तर आलं! इंग्रजीत होतं, लेक मराठी करत करत वाचत होती. ते घर पाडलं. फाटक गेलं, खजूरही गेले. आईबाप दुसऱ्या देशात, ही तिसऱ्याच देशात शाळेत शिकवते. त्या शहरात आता त्यांचं कुणी नाही.

खाली आणखी होतं. "फोनमधली मुलगी तूच ना? फोन लागला की मला धडकी भरायची, ही आईला घेऊन जाणार. आणि एक दिवस नेलंसच."

लेक थांबली. परत पहिल्यापासून वाचलं, या वेळी मनात. "तीही घाबरायची?" म्हणाली, आणि फोन घेऊन आतल्या खोलीत गेली. बराच वेळ आली नाही.

बघायचं म्हटलं ते तर उरलंच नाही. आता त्या शहरात मी कुठे उभी राहू?

शनिवार, १३ डिसेंबर

सहल पुढे गेली. बर्फ हुकला म्हणून नात फुगून बसलीय. भोपळी उद्या दुपारी इथे येतेय! लेकीने परस्पर बोलावलं, मला आज सांगितलं. मी विमानतळावर कोणती साडी नेसू म्हणून कपाट उघडलं, तर लेकीने ते लावून टाकलं.

"तिला आणायला मी जाणार. आम्ही दोघी दारात येऊ तेव्हा तू घरात हवीस."