चंद्रकांताच्या सोबतीला

अहो,

तुम्ही महाराजांच्या व्याख्यानाहून परत याल तोवर आम्ही धुळ्याबाहेर पडलेल्या असू. मी चंद्रकांताबरोबर लळिंगला चालले आहे. शाळेच्या त्या पदकासाठी तिची सेवा, शिवण, कवायत सगळं पार पडलं होतं. ही दोन दिवसांची पायी सफर तेवढी राहिली होती. रात्रीचा मुक्काम गावातल्या शाळेत आहे आणि तिच्या शाळेतल्या उपासनीबाई सोबत आहेत.

"घरचं बाईमाणूस बरोबर असेल तर खुशाल जा," असं परवा तुम्हीच लेकीला म्हणालात. घरात बाईमाणूस मी एकटीच, आणि मी तुमच्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. तिलाही ठाऊक होतं. बुटांना खडू लावत बसली होती, तो हातातला बूट तिने खाली ठेवला आणि आत निघून गेली.

स्वयंपाक झाकून ठेवला आहे. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवून घ्या. उकळलेलं पाणी तांब्याच्या कळशीत आहे. उद्या फैजपूरचे पाहुणे तिला बघायला येतील, त्यांना ती कुठे गेली आहे ते खरं सांगा. आजारी आहे म्हणू नका.

एवढंच ऐका, आम्हाला गाठायला टांगा करून येऊ नका. तुम्ही रस्त्यात दिसलात, तर मी पदर पुढे ओढून मुकाट्याने टांग्यात येऊन बसेन. सवयच तशी आहे. चंद्रकांताने ते पाहू नये.

प्रेमकुंवर