जावळाचा मामा

सोलापूर,
९ नोव्हेंबर १९७६

प्रिय कमल,

परवा शिवप्पा तुझा निरोप घेऊन आला होता. चहा संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलत बसला आणि उठताना, चपला पायात सरकवत म्हणाला, "चन्नू, कमलीनं सांगितलंय, जावळाला तू येऊ नको. मामा म्हणून मी बसतो की. कुणाला कळणार न्हाय." त्याने म्हणे नवा शर्टही शिवायला टाकलाय. पोरगं तुझं, आणि मांडी मावसभावाची! मी त्याला उलट बोललो असतो तर ‘याला पुन्हा चढली’ असं त्याने तुझ्या सासरी अकलूजपर्यंत पोचवलं असतं. तुला मात्र सांगतो, आणि आधीच सांगतो, म्हणजे पत्रात शोधत बसायला नको. मी येणार आहे.

अक्षर वाकडं आलंय ते इंजेक्शनमुळे. हात थोडा थरथरतो, जीभ जड होते, पोट सुटलंय. ‘आता तू किराणा दुकानदारासारखा दिसतोस’ म्हणून अव्वा पोटच्या पोरावर खूश आहे. शुद्धीत लिहितोय, काळजी नको.

तू तेव्हा परकरी पोर होतीस, तुला कुणी धड सांगितलं नसेल. मी कॉलेज सोडलं त्या वर्षी माझ्या डोक्यात दोन बायका भांडायला लागल्या. त्याही कानडीत! मी जेवायला बसलो की एक म्हणायची, यात विष आहे, आणि दुसरी म्हणायची, खा मेल्या. तेव्हा मी दारूचा थेंबही चाखला नव्हता. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं, त्या प्रत्येकाने मान हलवली आणि कुणालाही पटलं नाही. चादरीच्या कारखान्यात लागलो ते बरं झालं, कारण मागांच्या खडखडाटात त्यांचं काही ऐकू यायचं नाही. आठवडाभर मी शहाणा असायचो. सुट्टीच्या दिवशी माग बंद, की त्या सुरू. मग एका सुट्टीला कुणीतरी शिंदी पाजली आणि दोघी गप्प झाल्या. तुला सांगतो, त्या तासाभरात मला जे बरं वाटलं तसं पुढे कशानेच वाटलं नाही. तासाभराने त्या दुप्पट चवताळून यायच्या, मग मी पुन्हा प्यायचो. पुढे शिंदीने भागेना, हातभट्टीवर गेलो.

अप्पांनी काय केलं ते तुला माहीत आहे, पण अर्धंच. त्यांनी मला पूजेला बसवलं, गळ्यातलं लिंग तळहातावर ठेवायला लावलं आणि शपथ घातली. मी शपथ घेतली आणि पाळली. त्याच दिवसापासून बंद. दोन-तीन दिवसांत अंग लटलटायला लागलं, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसू लागल्या, अंगणात फिट येऊन पडलो. आणि त्या दोघी तर अशा किंचाळू लागल्या, की मी बोळात उभा राहून त्यांना शिव्या द्यायला लागलो. अप्पांना वाटलं, पिऊन आलाय. अव्वाने माझं तोंड हुंगलं आणि त्यांच्या पाया पडून सांगितलं, "वास न्हाय ओ, पोरगं पिलेलं न्हाय." कोण ऐकतो! पिऊन बरळणारा माणूस गल्लीत सगळ्यांनी पाहिला होता, न पिता बरळणारा कुणी पाहिला नव्हता. शपथ मोडली म्हणून अप्पांनी माझ्या गळ्यातलं लिंग काढून घेतलं. कमल, मी शपथ मोडली नव्हती. त्या संध्याकाळी मात्र मी हातभट्टीवर जाऊन पोटभर प्यायलो, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. अप्पा वारल्यावर अव्वाने ते लिंग देव्हाऱ्यातून काढून स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात घातलं.

पुढची वर्षं नुसती तमाशाची. दारू सोडवणारा म्हणायचा, हा वेडा आहे, आधी डोकं बरं करून आणा. डोक्याचा डॉक्टर म्हणायचा, हा दारुडा आहे, आधी दारू सोडवून आणा. मी आणि अव्वा एसटीने या दारातून त्या दारात. शेवटी एक तरुण डॉक्टर भेटला. त्याने बायकांचंही विचारलं आणि बाटलीचंही, एकाच बैठकीत, आणि म्हणाला, दोन्ही दुखणी याच माणसाची आहेत तर दोन्ही मीच बघतो. मी त्याच्यासमोर हुंदके देऊन रडलो. आता इंजेक्शन चालू आहे, गोळ्या अव्वाच्या ताब्यात. सुट्टीच्या दिवशी साखर पेठेतले एक पद्मशाली मास्तर मला त्यांच्या हातमागावर बसू देतात. मागच्या संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेपासून पीत नाही. श्रावणात एकदा घसरलो, तर दुसऱ्या दिवशी आपणहून डॉक्टरकडे गेलो. बायका अजून आहेत, पण शेजारच्या घरात रेडिओ लागावा तशा. त्यांचं त्या बोलतात, मी माझं काम करतो.

तुझ्या लग्नात भद्रावतीच्या कारखान्यातून मला रजा मिळाली नाही, असं सगळ्यांना सांगितलं होतं ना? मी मोहोळला होतो, आत्याच्या घरी, दाराला बाहेरून कडी लावलेली. नवरदेवाचा कान पिळायचा मान शिवप्पाने घेतला. तेव्हा मी गप्प बसलो, कारण तुझं लग्न मोडायला नको होतं. तुझी भीती मला आजही कळते. ‘वेडाचं घराणं’ म्हणतील, तुझ्या बाळाकडे वाकड्या नजरेने बघतील. म्हणू देत. आणि माझ्या हाताचं म्हणशील, तर वस्तरा न्हाव्याकडे असतो. मामाची नुसती मांडी लागते, आणि माझी मांडी भक्कम आहे.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. एवढ्यासाठी असतं तर शिवप्पाकडून उलट निरोप धाडला असता. पण तुमच्या घरी आलेलं प्रत्येक पत्र तुझे सासरे फोडतात आणि रात्रीच्या जेवणाआधी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचतात, असं अव्वा सांगत होती. म्हणून लिहिलं. शिवयोगी अण्णा, नमस्कार. इथवर वाचलंत, आता थांबू नका. भद्रावतीची थाप आमच्या अप्पांनी मारली होती. कमलला कुणी विचारलं नव्हतं, तिला एक शब्द बोलायचा नाही. तुमच्या नातवाचा मामा सोलापुरात असतो, त्याचं डोकं आजारी आहे, तो दारू प्यायचा, आणि जावळाच्या दिवशी तो पहिल्या गाडीने अकलूजला उतरणार आहे. आत घ्यायचं नसेल तर निरोप धाडू नका. स्वतः दारात या आणि माझ्या तोंडावर सांगा.

तुझाच, सख्खा,
चन्नवीर