थीटा रो म्यूची पिन

३ मार्च, सोमवार
ठरवलं. यंदा मुलींच्या भानगडीत पडायचं नाही. मी या कॉलेजच्या मुलींच्या घराची हाउस मदर. जेवण, किल्ल्या, मोरीत अडकलेले केस, एवढंच माझं खातं. पंधराला थीटा रो म्यूचा, म्हणजे या मुलींच्या मंडळाचा, स्थापनादिन. त्यांची गुप्त खोली माझ्या डोक्यावरच आहे. मेणबत्त्या, पांढरे झगे, छातीवर सभासदत्वाची सोन्याची पिन. मी मेंबर नाही, म्हणून त्या दिवशी दर वर्षी सिनेमाचं तिकीट हातात देऊन मला बाहेर काढतात. मला काही वाटत नाही. गेल्या वर्षी रडले, पण तो सिनेमाच तसा होता.

५ मार्च
मुलींची अध्यक्ष मारेन स्वयंपाकघरात आली. म्हणाली, मॉम व्हर्ना, यंदा सिनेमाला जायचं नाही हं, घरीच थांबा. आणि तुमचा आवडता रंग कोणता? मी सहज म्हटलं, निळा. ती गेल्यावर फ्रिजला टेकून उभी राहिले. निळा त्यांचाच रंग! काही ठिकाणी बाहेरच्या बाईलाही मानद सभासद करतात, असं वाचलंय. उगाच अंदाज बांधायचे नाहीत. पांढरा ड्रेस मात्र बघून ठेवावा.

८ मार्च, शनिवार
लायब्ररीतून संघटनेचा इतिहास आणला. शाळा अर्धवट सुटली, पण पुस्तकाला मी घाबरत नाही. पाच मुली होत्या. मुलांच्या क्लबने दारातून परत पाठवलं, म्हणून बेकरीच्या वरच्या खोलीत स्वतःचं मंडळ काढलं. पहिली शपथ एकमेकींना बहिणी मानून न भांडण्याची. महिन्याभरात दोघी भांडून गेल्या. आणि ती पवित्र मेणबत्ती? बेकरीवाल्याने दिवा बंद केला म्हणून लावलेली. आता तिच्याकडे बघून पोरी डोळे पुसतात. मी आत गेल्यावर हे कुणाला सांगणार नाही.
मंडळाचं नावच ग्रीक अक्षरांचं, म्हणून ती सगळी आठवड्यात पाठ करायची. आज चौथ्या, डेल्टापर्यंत.

११ मार्च, मंगळवार
ग्रीक अजून डेल्टावरच. गुप्त गाणं मात्र पाठ झालं, हीटरच्या पाइपमधून येतं. मी कान लावत नाही, पाइपच उशाशी आहे. हल्ली तो गुरगुरतो, शेवटचं कडवं कळत नाही. हार्लनला दुरुस्तीसाठी फोन केला. शनिवारी येतो म्हणाला.
हार्लन माझ्या नवऱ्याच्या, एल्डनच्या मंडळातला. तेही गुप्त, पुरुषांचं. दर मंगळवारी मी एल्डनला तिथे सोडायची आणि तो परत येईपर्यंत बाहेर गाडीत वाचत बसायची. माझं सगळं वाचन त्या गाडीतलं. आत काय चालतं ते त्याने कधी सांगितलं नाही. शेवटी हॉस्पिटलमध्ये विचारलं, तेव्हाही हसला. म्हणाला, व्हर्ना, शपथ आहे.
एल्डनला जाऊन चार वर्षं झाली. आज मंगळवार म्हणून आठवलं, बाकी काही नाही.

१३ मार्च
मारेनने विचारलं, बराच वेळ बसलं तर पाठ दुखते का? म्हणजे विधी लांबलचक असणार. म्हटलं, मुळीच नाही. मग ब्रिन नावाची नवी पोरगी मापाची टेप घेऊन माझ्या मागे फिरायला लागली. काय गं, म्हटलं, तर खिदळली, सरप्राइज आहे मॉम व्हर्ना, गप उभ्या राहा! माप फक्त कमरेखालचं घेतलं. झगा घेरदार असावा.
आभाराचं भाषण आरशासमोर म्हटलं. एल्डनचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. सुरुवातच त्याच्यापासून झाली.

१५ मार्च, संध्याकाळी
ड्रेस घातला. घेताना दुकानातली बाई म्हणाली, दुसरं लग्न का? म्हटलं, तसंच काहीसं. पिनसाठी डाव्या बाजूला जागा सोडली आहे. डोळे कोरडे आहेत.

१६ मार्च, रविवार
मारेनने हाताला धरून वर नेलं. सगळ्या पांढऱ्या झग्यांत उभ्या. दाराशी थांबलो. दाराबाहेर खुर्ची, खुर्चीवर निळी उशी, उशीवर थीटा रो म्यू भरतकामात. माझ्या मापाची.
मारेन म्हणाली, गेल्या वर्षी ऐन शपथेत पिझ्झावाला घुसला आणि विचारतो, जादा चीज कुणाचं? यंदा दाराशी तुम्ही बसा. तुमच्याइतका भरवसा कुणाचाच नाही. आणि ड्रेस काय गोड आहे! आमच्यासाठी घेतला?
म्हटलं, छे, घरातलाच आहे.
त्या आत गेल्या, दार लागलं. मी बाहेर बसले. उशी मऊ होती.
मग हार्लन हत्यारांची पेटी घेऊन जिना चढून आला. म्हटलं, आता इकडे यायचं नाही. तो हसायला लागला. म्हणाला, वहिनी, अगदी एल्डन दिसताय! आमच्याकडेही दाराबाहेर एकाला तलवार देऊन बसवतात. ते काम कायम एल्डनचं. दुसऱ्या कुणाला देईचना. आत आमची भाषणं चालायची, हा बाहेर तलवार भिंतीला टेकवून शब्दकोडं सोडवायचा. आत ये म्हटलं तर म्हणायचा, इथल्या खिडकीतून व्हर्नाची गाडी दिसते, मी इथेच बरा.
मी म्हटलं, मला माहीत होतं. पाइप राहू दे, हार्लन.
शेवटचं कडवं दारातून स्वच्छ ऐकू आलं. खास काही नाही.
पुढच्या वर्षी शब्दकोडं घेऊन बसेन. पण एक विचारायचं राहिलंच. एक अख्खा हिवाळा मी बाहेर बसायची त्या गाडीचा हीटर बंद होता. त्या दाराबाहेर तुझ्या शेजारी आणखी एक खुर्ची मांडता आली नसती का, एल्डन?