जागा किती भरली?

प्रिय बारक्या,

ही मेल तू उघडशील की आधीच्या मेलींसारखी तशीच पडू देशील, ठाऊक नाही. निदान हिच्यात मजकूर तरी आहे. आधीच्यांत नुसत्या भिंतींचे व्हिडिओ होते. ते पाहिले असलेस तर ताईचं डोकं फिरलं असं तुला वाटलं असेल. फिरलं नव्हतं. ते का पाठवत होते ते सांगते, पण तू मला ओळखतोस, मी सरळ मुद्द्यावर कधी आलेय? आणि हो, तू जिवंत आहेस असं धरूनच लिहिते आहे. दुसरं काही धरून मला लिहिता येत नाही.

माझी नोकरी तीच आहे. लोक फोटो, कागदपत्रं म्हणे ढगात ठेवतात. ती प्रत्यक्षात ज्या यंत्रांत जाऊन बसतात त्यांची तब्येत बघायची. तू मला डब्यांची नर्स म्हणायचास. खोली तशीच गार, भर दुपारी शाल गुंडाळून बसतो आम्ही. समोर पडदे, पडद्यांवर रेघा. जागा ऐंशी टक्के भरली की पिवळा इशारा, नव्वद झाली की लाल, आणि सगळ्यांचे फोन एकदम कोकलतात. इशारे इतके येतात की बोट आपोआप ‘पाहिलं’ या बटणावर जातं, डोळे जातातच असं नाही. मागे एका दवाखान्याचे एक्स-रे ठेवलेलं यंत्र आतून सडत गेलं आणि आम्हाला पत्ता नाही. आकडे कळवणारा त्याचा प्रोग्रामच आधी बंद पडला होता, आणि पडद्यावर त्याचा शेवटचा आकडा हिरवागार झळकत होता. आम्ही आपले निवांत. आमच्या साहेब, ज्यांना आम्ही पाठीमागे तोफ म्हणतो, त्या दिवशी ओरडल्यासुद्धा नाहीत. एवढंच म्हणाल्या, “आकडा वाढला की धावता. हललाच नाही तर कोण धावणार?”

घरची ढगातली जागा तुला आठवत असेल. आईने हट्ट करून बाबांच्या नावावर घ्यायला लावली होती, सगळ्या घराला मिळून एक. एकमेकांचे फोटो दिसत नाहीत, पण कोणी किती जागा अडवली ते एका पट्टीत रंगांनी दिसतं. बाबा हिरवे, मी पिवळी, तू निळा. आईचं सगळं बाबांच्या हिरव्यात. तिला फोटो काढून घ्यायची हौस आणि बाबांना तिच्या नकळत व्हिडिओ घ्यायची खोड. गुणगुणताना, भाजी निवडताना, त्यांनाच झापताना. माझ्याकडे तिचे मोजके फोटो आहेत, आणि त्या सगळ्यांत तिने नेमके डोळे मिटलेत.

ती न्हाणीघरात पडली आणि उठलीच नाही, तेव्हा तू शेजारच्या खोलीत कानात ते गाण्यांचं बोंडूक घालून बसला होतास. तुला हाक ऐकू गेली नाही. मी असते तर मलाही गेली नसती, भिंतीपलीकडे नळ सोडला की घरात काय ऐकू येतं? पण बाबा चारचौघांत म्हणाले, “घरात असून नसल्यासारखा. मग नसलेलाच बरा.” तू बॅग भरलीस. मी दारात आडवी व्हायला हवं होतं असं लोक म्हणतात. लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. मला वाटलं, दोघांची डोकी शांत झाली की येशील.

तू नंबर बदललास. तुझ्या छापखान्यात गेले, तिथलं काम तू सोडलं होतंस. तू भाड्याने घेतलेल्या खोलीच्या मालकिणीने तुझा नवा पत्ता माहीत नसल्याचं सांगितलं आणि वर तुझी राहिलेली चादर माझ्या हातात दिली. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आपल्या मर्जीने गेलाय, आम्ही काय करणार? राहिली ती निळी पट्टी. तू फोटो काढत होतास, ते आपोआप चढत होते, पट्टी इंचाइंचाने पुढे सरकत होती. कसले फोटो, कुठले, काही कळत नव्हतं. पण कोणीतरी काहीतरी बघतंय आणि ते त्याला ठेवून द्यावंसं वाटतंय, एवढं कळत होतं. मला तेवढं पुरत होतं.

आणि बाबांनाही. माणूस जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आला, इंटरनेटचं काही विचारलं तर हात झटकायचा. पण सकाळी चहा घेताना पेपरातून डोकं वर न काढता विचारायचे, “जागा किती भरली?” तुझं नाव त्यांनी तू गेल्यापासून घेतलं नाही. मी म्हणायचे, थोडी वाढली. मग ते आणखी अर्धा कप चहा मागायचे. महिने गेले असे. एखाद्या दिवशी मी विसरले तर बशी उगाच वाजवायचे.

मी पट्टीवर माझ्या धंद्यातला इशारा लावून ठेवला होता. वाढीचा नव्हे, तोफेची शिकवण. निळा आकडा आठवडाभर हलला नाही तर माझा फोन वाजावा. वाजलाही. कामाच्या गर्दीत, दुसऱ्या पाच-पंचवीस इशाऱ्यांच्या मध्ये. आणि मी काय केलं असेल? ‘पाहिलं’ दाबलं आणि पुढे गेले. जेवणाच्या सुट्टीत यादी चाळताना कळलं की त्यातला एक तू होतास. डबा तसाच बंद केला. त्यानंतर तुझी पट्टी हललीच नाही. फोन बदललास, फोटो चढवणं बंद केलंस, वैतागलास, की आणखी काही. प्रत्येक शक्यता मी इतक्यांदा घोळवली आहे की आता तिला चवच राहिली नाही.

बाबांचं हृदय तोवर कुरकुरायला लागलं होतं. सकाळी त्यांनी विचारलं, जागा किती भरली? मी म्हटलं, तेवढीच आहे. ते चहा ठेवून उठले आणि दिवसभर खिडकीशी बसून राहिले. जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेव्हा मला सुचलं की तुझी मेलही त्याच पट्टीत मोजली जाते. तू उत्तर देत नव्हतास, पण तो पत्ता चालू होता. माझी पिवळी वाढू नये म्हणून मी कामावरच्या पत्त्यावरून एकामागून एक व्हिडिओ पाठवायला लागले. समोर असेल ते, म्हणजे भिंत. फोन टेकवून ठेवायचा आणि आपलं काम करायचं. निळी पट्टी सरकायला लागली. बाबांनी अर्धा कप जास्त घेतला. म्हणाले, “हात चालू आहे म्हणायचा त्याचा.” खोटं होतं, मान्य. ते जेवत होते.

मग नव्वद टक्के झाले आणि लाल इशारा बाबांच्या फोनवर गेला, कारण जागा त्यांच्या नावावर. जागा संपली तर कोणाचंच काही चढत नाही हे त्यांनी माझ्याकडून नीट समजावून घेतलं. मी म्हटलं, मोठी जागा घेऊ, तुमचा फोन द्या. म्हणाले, मी बघतो. मला वाटलं, लिफ्टच्या खिळ्या-बोल्टांचे शेकडो फोटो उडवतील. पुढे दर वेळी लाल जवळ आलं की त्यांची हिरवी पट्टी थोडी आखडायची आणि मी त्या मोकळ्या जागेत आणखी भिंती भरायचे. वाढण्याचा इशारा होता, थांबण्याचा होता. कमी होण्याचा मी लावलाच नव्हता. आमच्या धंद्यात तो कोणी लावत नाही. जागा मोकळी झाली म्हणून कोण घाबरतं?

गेल्या महिन्यात त्यांना दवाखान्यात ठेवलं. श्वास लागत होता, बोलू नका म्हटलं तरी बोलायचे. मी उशी नीट करत होते, तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. “तिचे सगळे काढून टाकले मी,” म्हणाले. “ती माझ्या डोक्यात आहे. त्याला जागा लागते, पोर फोटो काढतंय.” मी उशीच नीट करत राहिले. खरं सांगितलं असतं तर ते कशासाठी केलं हेच त्यांच्या हातून गेलं असतं. तिसऱ्या दिवशी ते गेले. चेहरा शांत होता, आणि मला त्याचा राग आला. अजूनही येतो.

घरी येऊन त्यांचा फोन उघडला. बोल्ट आहेत. पुली आहेत. औषधांच्या चिठ्ठ्या आहेत. आई नाही. काढलेलं काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं, तेवढ्यात परत आणता येतं; ते दिवसही कधीच उलटून गेले होते. आता तिचा आवाज कुठेच नाही. त्या जागेत भिंती आहेत, मी काढलेल्या, तुझ्या नावावर.

बाबा गेले हे कळवायला हे लिहिलं, आणि एक मागायला. घरी ये म्हणत नाही. उत्तरही लिहू नकोस, तुला जमणार नाही हे मला कळतं. फक्त त्या भिंती पुसून टाक. सगळ्या नको, एक पुसलीस तरी चालेल, पण कचऱ्याच्या डब्यातूनही काढ, नाहीतर आकडा उतरत नाही. निळी पट्टी कमी झाल्याचा इशारा मी आज लावला आहे. आता मला बाकी काही मोजायचं नाही. एवढी एक भिंत पाड, बाळा. आहेस एवढंच कळव.

तुझी वाट बघणारी, तुझीच,
ताई