आईंच्या झोपेचे मार्क

तीर्थस्वरूप जाऊबाईंना,

धाकट्या जावेचा वाकून नमस्कार. (पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे प्रत्यक्ष वाकता येत नाही, पण लिहिताना मी पुरेशी वाकले आहे असं समजावं.) तुमची तब्येत कशी आहे, भाऊजींचा गुडघा काय म्हणतो, शाळेतला नवा शिपाई घंटा वेळेवर देतो की अजून तुम्हालाच उठावं लागतं, सगळं सविस्तर कळवा. आमच्याकडे सगळे खुशाल. आईसुद्धा खुशाल. आई अगदी खुशाल आहेत हे पुन्हा लिहिते, कारण तुमचा त्यावर विश्वास नाही आणि हे सगळं पत्र त्याचसाठी आहे. फोन सोडून पत्र का, तर फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही. मुख्याध्यापिकेला ती सवयच लागते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. (आहे, पण आज नको.) यांचा ट्रक उद्या तुमच्या गावावरून जायचा आहे, म्हणून पत्र यांच्या हाती देते.

तर, ते घड्याळ. भाऊजींनी हौसेने आणलं, आईंच्या मनगटावर बांधलं, हे त्यांचं आईवरचं प्रेम. आई किती चालल्या, किती झोपल्या, झोप गाढ होती की कच्ची, सगळं ते मोजतं म्हणे. बरं, मोजू दे. पण आत सिमकार्ड घालून त्याचा निकाल रोज सकाळी तुमच्या मोबाइलवर यावा, ही कल्पना कोणाची? सासरे गेल्यापासून आपलं ठरलेलं आहे, आई सहा महिने तुमच्याकडे, सहा महिने आमच्याकडे. त्यात कधी वाकडा शब्द झाला नाही. या वेळी मात्र आई आमच्याकडे आल्या त्या घड्याळ बांधून, म्हणजे तुम्ही त्यांच्यासोबत स्वतःचा एक डोळाच पाठवलात.

तुमच्याकडे आईंना झोपेचे मार्क नव्वदच्या खाली कधी नव्हते. आमच्याकडे आल्या आणि पहिल्याच सकाळी बावन्न. दुसऱ्या सकाळी अठ्ठेचाळीस. मी अजून दूध तापवायला ठेवलेलं नसायचं तोवर तुमचा फोन. रात्री काय झालं, आई का जाग्या होत्या, उशी बदललीस का, खिडकी उघडी होती का? मी सांगायची, अहो, आई छान घोरत होत्या, माझ्या कानांनी ऐकलंय. त्यावर तुम्ही म्हणायचात की घोरणं म्हणजे झोप नव्हे. आता आमच्या घरात तरी घोरणं म्हणजे झोपच. हे घोरतात तेव्हा जागे असतात असं मी आजवर समजत नव्हते.

एक गोष्ट कबूल करते. माझा जळफळाट झाला. तुमचा फ्रीज दोन दारांचा आहे, मला कधी काही वाटलं नाही. तुमच्या सोफ्याचं थोडं वाटलं होतं, पण त्यावर बसून पाहिलं आणि उठताना कमरेने तो मत्सर काढून टाकला. पण आईंची झोप? ज्या बाईने लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात सुई दिली, मापं घ्यायला शिकवलं, आपलं शिलाईचं दुकान आणि स्वतःचं मशीन माझ्या हवाली केलं, तिला माझ्या घरात झोप येऊ नये आणि तुमच्याकडे मात्र नव्वद टक्के यावी? मला ते इतकं लागलं की एका गिऱ्हाइकाच्या पॅंटचा एक पाय मी चार बोटं आखूड शिवला. (तो गरीब माणूस स्वतःच्याच पायाकडे संशयाने बघत गेला.)

मग मी हात धुऊन त्या मार्कांच्या मागे लागले. कापूस पिंजून नवी गादी करून घेतली. अस्तराचं जाड काळं कापड दुपदरी शिवून पडदे लावले, तर सकाळी आई त्याच अंधारात दारावर आपटल्या. भिंतीवरचं टिकटिक करणारं घड्याळ काढलं, तर मनगटावरचं राहिलंच. यांना बाहेरच्या खोलीत झोपायला पाठवलं, त्यावर हे चार दिवस अबोला धरून होते. शेवटी मी संध्याकाळनंतर मशीन चालवणंच बंद केलं. आईंचा पलंग दुकानातच, कापायच्या टेबलाला लागून आहे हे तुम्हाला माहीत आहे. (त्यांनीच तिथे टाकून घेतला, आतल्या खोलीत त्यांचा जीव रमत नाही.) मशीन बंद, दिवा बंद, सगळं चिडीचूप. त्या सकाळी मार्क पडले एकेचाळीस. आईंचे डोळे खरंच तांबारलेले होते, त्या एका दिवशी घड्याळाचं आणि माझं एकमत झालं. कामं तुंबली, तेव्हा दुसऱ्या रात्रीपासून मशीन पुन्हा सुरू केलं.

आणि मग तुमचा तो निरोप आला. आईंना आता कायमचंच आमच्याकडे घेऊन येतो, तुझ्या दुकानाच्या धबडग्यात त्यांना विश्रांती मिळत नाही, घड्याळच सांगतंय, यात कोणाला दोष नाही. जाऊबाई, कोणाला दोष नाही असं तुम्ही लिहिता तेव्हा तो कोणाला आहे हे आम्हा सगळ्यांना कळतं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि टेबलाखाली पडलेल्या टाचण्या वेचायला बसले. रडायचं असलं की मी टाचण्या वेचते, म्हणजे कोणी विचारत नाही.

हे म्हणाले, एवढं काय, मोबाइलच्या दुकानात विचारून ये. गेले. तिथला मुलगा मोठा प्रामाणिक निघाला. (दुकान त्याचं नाही, म्हणून असेल.) तो म्हणाला की या घड्याळाला डोक्यातलं काही कळत नाही, ते हाताची हालचाल बघतं आणि नाडीचा अंदाज घेतं. हात हलला की माणूस जागा, हात गप्प पडला की झोपला, साधारण असाच त्याचा हिशेब. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागे आईंची दाढ काढायला नेलं होतं, तेव्हा त्या खुर्चीचे हात घट्ट धरून, आ वासून, भीतीने लाकडासारख्या ताठ पडल्या होत्या. त्याच दुपारी तुमचा मेसेज आला होता, की आज आईंनी दुपारी छान डुलकी काढली, असंच चालू ठेव. मी काय चालू ठेवायचं, दाढा काढणं?

आणि आईंचा हात आमच्याकडे रात्री का हलतो हेही मग मला दिसलं. दिवसभर त्या माझ्याजवळ बसून काजं करतात, बटणं लावतात, कडा दुमडून तुरपाई करतात. मी किती नको म्हटलं तरी ऐकत नाहीत. रात्री झोपल्या, घोरायला लागल्या, की त्यांचा उजवा हात पांघरुणावर तुरपाई करत राहतो. चिमटीत सुई धरल्यासारखी दोन बोटं, एक टाका, ओढ, पुन्हा टाका. मध्येच दोरा तोडायला हात तोंडाशीसुद्धा नेतात. घड्याळ उजव्या हातात! ते बिचारं लिहिणारच, की म्हातारी जागी आहे.

हे मी तुम्हाला फोनवर सांगायला गेले, तर तुम्ही म्हणालात, झोपेत कोणी शिवत नाही, काहीतरी कारणं देऊ नकोस. आता यापुढे मी जे केलं ते तुमच्या त्या वाक्यामुळे केलं, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

दुकानात आपली कापडी डमी आहे ना, जिच्यावर कपडे चढवून बघतो, डोकं नसलेली? तिला मी चिंध्या भरून एक हात करून घेतला आहे, बाह्या बसवायला बरा पडतो. आईंना म्हटलं घड्याळ चार्जिंगला लावते, आणि नेऊन बांधलं त्या हातावर. सकाळी शहाण्णव! जाऊबाई, जिला डोकंच नाही तिला शहाण्णव! नाडीसुद्धा लागली होती म्हणे, ती कोणाची ते देव जाणे. तुमचा फोन आला, आवाजात साखर. अखेर जमलं तुला, मी सांगितलं तसं केलंस ना? मी हो म्हटलं. हो म्हणताना मला किती गोड वाटलं ते इथे लिहीत नाही. चार दिवस डमी झोपली आणि शाबासकी मी खाल्ली.

पण माझी अक्कल तेवढीच. घड्याळ दिवसाही मोजतं हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. दिवसा आई इकडून तिकडे फिरतात, शेजारी जाऊन भांडून येतात, आणि घड्याळ डमीच्या हातावर. पाऊल एकही नाही, झोप मात्र दिवसरात्र. तुमची पाचावर धारण बसली. मग तुम्ही फोन केलात, आई स्वतः तुमच्याशी बोलल्या, मी ठणठणीत आहे म्हणाल्या, आणि तुम्ही त्यांनाच म्हणालात की आई, तुम्हाला कळत नाही, तुम्ही चार दिवस उठलेल्या नाहीत. आई तेव्हा उभ्या होत्या! खांद्यावर माप घ्यायची टेप आणि हातात कात्री होती! रविवारी भाऊजी गाडी घेऊन येतील, डॉक्टरांची वेळ घेतली आहे, आता आईंना परत पाठवायचं नाही, असं सांगून तुम्ही फोन ठेवलात.

फोन ठेवल्यावर आईंनी मला विचारलं, घड्याळ कुठाय? मी डमीकडे बोट दाखवलं. आई पलंगावर बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला वाटलं आता रागावतील, तर पाणी पिऊन मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "अगं, थोरलीकडे तरी मी कुठे झोपते? नुसती पडून असते. दिवसभर मला काडी उचलू देत नाही ती, मग झोप कुठून यायची? पण सकाळी ते मार्क बघून तिचा चेहरा इतका फुलतो, म्हणून हात हलवत नाही."

हे तुम्हाला सांगायचं नाही असं त्यांनी मला बजावलं आहे. माझ्या पोटात एवढी गोष्ट राहणार नाही हे त्यांना माहीत असणारच, इतकी वर्षं ओळखतात. तरी वाईट वाटून घेऊ नका. (थोडं घ्या. मी महिनाभर घेतलंय.) मी मात्र पहिल्यांदा जिंकले, खूप जिंकले, त्या दिवशी मी मशीनवर गाणं म्हणत होते.

भाऊजींना नमस्कार, गुडघ्याला शेक द्यायला सांगा. पत्रात अधिकउणं लिहिलं असेल तर धाकटी म्हणून पदरात घ्या, आणि खरं लिहिलं असेल तर तेही घ्या.

तुमची,
धाकटी जाऊ

ता. क. : रविवारी भाऊजींना गाडी घेऊन पाठवू नका. आई आजारी नाहीत. आमचे सहा महिने पुरे होऊ द्या. पुढचे तुमचे आहेत, ते मी मागत नाही. मागावेसे वाटतात, पण आई म्हणतात, थोरलीच्या वाट्याला हात लावायचा नाही. फक्त त्या आल्या की त्यांना फाटलेलं काहीतरी शिवायला देत जा. तुमच्याकडे फाटकं काही नसतं हे मला ठाऊक आहे, भाऊजींचा एखादा सदरा फाडा.

पुन्हा ता. क. : पत्र बंद करून ठेवलं होतं, ते उघडून लिहिते आहे, कारण जिंकल्याचा आनंद आता राहिलेला नाही. विचार करत बसले. तुमचा चेहरा फुलावा म्हणून ही म्हातारी महिनोन्महिने रात्ररात्र डोळे उघडे ठेवून, हात न हलवता पडून राहते. माझ्यासाठी तिने एक रात्रसुद्धा तसं केलेलं नाही. बावन्न पडले तर पडले, अठ्ठेचाळीस तर अठ्ठेचाळीस, माझा चेहरा उतरतो हे तिला दिसत नव्हतं का? माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं आहे आणि या वेळी पहिल्यापेक्षा जास्त.

आणखी एकच : शेवटी न राहवून आईंना विचारलंच. म्हटलं, जाऊबाईंसाठी एवढं करता, माझ्यासाठी एखादी रात्र हात न हलवता पडून राहिलात तर काय बिघडेल? सुईत दोरा ओवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दोनतीनदा ठरवलं होतं गं. पण तुझं मशीन सुरू झालं की मेला डोळाच लागतो."